घटक ४ : शब्दसाम्य आणि भाषासंबंध – ‘रातास’ या शब्दाचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• दोन भाषांतील शब्दसाम्यामागची तीन प्रमुख कारणे सांगता येतील.
• सहोदर शब्द आणि उसना शब्द यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• उसनवारीची दिशा ठरविण्यासाठी कोणते पुरावे लागतात, हे सांगता येईल.
• मराठीतील शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी केल्या जाणाऱ्या विधानांची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषाकुल म्हणजे काय, हे पाहिले. एका मूळ भाषेतून कालौघात निर्माण झालेल्या भाषांच्या समूहाला आपण भाषाकुल म्हणतो. हे शिकवून झाले की संपर्कसत्रात एक प्रश्न हमखास विचारला जातो : “सर, दोन भाषांत सारखा शब्द आढळला, तर त्या भाषा एका कुलातल्या समजायच्या का?” काही विद्यार्थी भ्रमणध्वनीवर आलेला एखादा संदेशही दाखवितात. त्यात युरोपातील कोणत्या तरी भाषेतील चारपाच शब्दांची यादी असते, समोर त्यांच्याशी जुळणारे संस्कृत शब्द असतात आणि शेवटी ‘म्हणून ती भाषा संस्कृतातून निघाली’ असा निष्कर्ष असतो.

अशा यादीतील शब्द बहुधा खोटे नसतात, म्हणून तिची थट्टा करून भागत नाही. चूक असते ती शब्दांवरून निष्कर्षाकडे घेतलेल्या उडीत. ती नेमकी कोठे होते हे समजण्यासाठी या घटकात आपण एकाच शब्दाचा सविस्तर अभ्यास करणार आहोत. तो शब्द फिनिश आणि लिथुआनियन या दोन भाषांत आढळतो. दोन्हींच्या रोमन लेखनात तो अक्षराला अक्षर सारखा आहे. देवनागरीत आपण तो ‘रातास’ असा लिहू. उच्चारात थोडा फरक आहे. लिथुआनियनमध्ये पहिला ‘आ’ दीर्घ, तर फिनिशमध्ये ऱ्हस्व उच्चारला जातो. दोन्हीकडे त्याच्या अर्थाच्या मुळाशी ‘चाक’ आहे. मराठीतील ‘रथ’ हा शब्द आपल्या मनात एव्हाना आला असेल. तो मनात असू द्या. त्याच्याकडे आपण शेवटी वळू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ दोन भाषा, दोन कुले

लिथुआनियन ही भारत-युरोपीय कुलाच्या बाल्टिक शाखेतील भाषा आहे. या शाखेत आज लिथुआनियन आणि लाटव्हियन या दोनच भाषा जिवंत आहेत. जुनी प्रशियन ही तिसरी भाषा अठराव्या शतकाच्या आरंभी नामशेष झाली. मराठी, संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या भाषाही भारत-युरोपीय कुलातल्याच आहेत. म्हणजे लिथुआनियन ही मराठीची दूरची नातलग आहे.

फिनिश मात्र उरालिक कुलातील भाषा आहे. एस्टोनियन, सामी भाषा आणि हंगेरियन या तिच्या नातलग होत. तिचे व्याकरण भारत-युरोपीय भाषांहून फार वेगळे आहे. तिच्यात लिंगभेद नाही, ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी एकच सर्वनाम आहे आणि विभक्त्या पंधरा मानल्या जातात.

या दोन्ही भाषांचे छापील ग्रंथ सोळाव्या शतकापासूनचे आहेत. मिकाएल आग्रिकोला यांचे फिनिश भाषेतील पहिले पुस्तक १५४३ च्या सुमारास, तर मार्टिनास माझ्विदास यांचे लिथुआनियन भाषेतील पहिले पुस्तक १५४७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण ज्या शब्दाचा विचार करीत आहोत, त्याचा प्रवास याच्या कित्येक शतके आधी घडला. त्या काळाचा कोणताही लेख किंवा दस्तऐवज या प्रदेशातून उपलब्ध नाही. त्यामुळे पुरावा शोधायचा तो शब्दाच्या रूपातच.

४.२.२ ‘रातास’चे अर्थ

लिथुआनियनमध्ये ‘रातास’ म्हणजे चाक. त्यावरून वर्तुळ, कडे, फेरा हे अर्थही आले आहेत. याच शब्दाचे अनेकवचन ‘राताई’. त्याचा शब्दशः अर्थ ‘चाके’, पण वापरात तो ‘गाडी’ असा होतो. ‘रातेलाई’ म्हणजे फेर धरून गायिली-खेळली जाणारी लोकगीते-नृत्ये. सायकलला लिथुआनियनमध्ये ‘द्विरातिस’ म्हणतात. त्यातील ‘द्वि’ म्हणजे दोन, हे आपणांस वेगळे सांगावयास नकोच. मराठीत ‘दुचाकी’ या शब्दाची घडण अगदी अशीच आहे. मात्र दोन्ही शब्द आपापल्या ठिकाणी आधुनिक काळात स्वतंत्रपणे घडले आहेत.

फिनिशमध्ये चाकाला रोजच्या बोलण्यात ‘प्युऑरॅ’ हा वेगळा शब्द आहे. तो त्या भाषेतील ‘फिरणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी संबंधित आहे. ‘रातास’ हा शब्द तेथे प्रामुख्याने यंत्रातील चाकासाठी वापरला जातो. दातेरी चाकाला ‘हाम्मासरातास’ म्हणतात. त्यातील ‘हाम्मास’ म्हणजे दात. अनेकवचनी ‘रात्तात’ म्हणजे गाडा किंवा लहान मुलांची ढकलगाडी. एखाद्या कामात अडथळा आणणे या अर्थी फिनिशमध्ये ‘चाकांत दांडकी घालणे’ असा वाक्प्रचार आहे आणि त्यातही हाच शब्द येतो. आपण ‘खीळ घालणे’ म्हणतो, त्याची येथे आठवण होते.

आता अर्थांची तुलना करा. लिथुआनियनमध्ये शब्दाने आपला मूळ अर्थ राखला आणि त्याचा विस्तार केला. फिनिशमध्ये जवळजवळ त्याच अर्थाचा दुसरा शब्द असल्यामुळे ‘रातास’चे क्षेत्र आकसले, तो यंत्रात आणि गाड्यात उरला. एका अर्थाचे दोन शब्द भाषेत एकत्र नांदू लागले की ते सहसा कामाची वाटणी करून घेतात. मराठीत ‘चाक’ आणि ‘चक्र’ यांनी अशीच वाटणी केली आहे. बैलगाडीला चाक असते, पण दुष्ट असते ते चक्र.

४.२.३ साम्याची तीन कारणे

दोन भाषांतील शब्द रूपाने आणि अर्थाने सारखे असण्याची प्रमुख कारणे तीन आहेत.

(१) योगायोग : भाषेतील ध्वनींची संख्या मर्यादित असते आणि शब्द हजारो असतात. त्यामुळे काही शब्द काहीही संबंध नसताना जुळतात. मराठीतील ‘रहाट’ पाहा. विहिरीवरचे चाक ते रहाट. ‘रहाट’ आणि ‘रातास’ दोन्ही चाकेच, दोन्हींत ‘र’ आहे आणि ‘ट-त’ हे जवळचे ध्वनी आहेत. घाईत कोणीही त्यांचे नाते जोडील. परंतु ‘रहाट’ची परंपरा तपासली तर प्राकृत ‘अरहट्ट’ आणि त्यामागे संस्कृत ‘अरघट्ट’ असे रूप मिळते. त्यातील ‘अर’ म्हणजे चाकाची आरी. आरंभीचा ‘अ’ लोपला आणि ‘घ’चा ‘ह’ झाला. जुनी रूपे पाहिल्याबरोबर साम्य विरून जाते.

(२) समान वारसा : एकाच मूळ भाषेतून दोन्ही भाषांना शब्द मिळालेला असतो. अशा शब्दांना आपण सहोदर शब्द म्हणतो.

(३) उसनवारी : एका भाषेने दुसरीकडून शब्द घेतलेला असतो. त्यासाठी कुल एक असण्याची गरज नसते. संपर्क पुरेसा असतो.

‘रातास’च्या बाबतीत दुसरी शक्यता टिकत नाही. तो उरालिक कुलाचा मूळ वारसा असता, तर हंगेरियनसारख्या दूरच्या नातलग भाषेतही त्याचे रूप अपेक्षित होते. पण हंगेरियनमध्ये चाकाला ‘केरेक’ हा अगदी वेगळा शब्द आहे. उलट भारत-युरोपीय कुलात या शब्दाचे सहोदर दूरवर पसरले आहेत : लॅटिन ‘रोता’, जुनी आयरिश ‘रोथ’, जर्मन ‘राड’, लाटव्हियन ‘रात्स’. लिथुआनियनमध्ये ‘रितु’ म्हणजे ‘मी लोळवतो, गडगडवतो’ असे क्रियापदही या शब्दाच्या जवळचे आहे. ज्या भाषेत शब्दाचे गोत्र आढळते, ती भाषा देणारी आणि जेथे तो एकटाच आढळतो, ती घेणारी, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. म्हणजे शब्द बाल्टिककडून फिनिशच्या पूर्वरूपाकडे गेला असावा. पण ‘असावा’वर थांबून चालणार नाही.

आपली प्रगती तपासा – १
(अ) हंगेरियन ‘केरेक’ या शब्दाचा दाखला येथे कशासाठी दिला आहे?
(आ) ‘रहाट’ आणि ‘रातास’ यांचा संबंध का नाकारावा लागतो?

४.२.४ उसनवारीचे पुरावे

पहिला पुरावा : ‘-आस’ हा प्रत्यय. लिथुआनियनमध्ये ‘-आस’ हा पुल्लिंगी नामाच्या प्रथमेच्या एकवचनाचा प्रत्यय आहे. ‘रातास’ची षष्ठी ‘रातो’ होते. म्हणजे ‘-आस’ गळून पडतो. संस्कृतातील ‘रथस्’, ज्याचे आपण ‘रथः’ असे रूप लिहितो, त्यातील ‘-अस्’ हा त्याचाच सहोदर होय. फिनिशमध्ये मात्र ‘-आस’ला प्रत्यय म्हणून काहीही अर्थ नाही. तेथे तो शब्दाचाच भाग बनला आहे. फिनिश षष्ठी ‘रात्तान’ अशी होते; त्याचे जुने रूप ‘रात्ताहान’ असे असून त्यातील ‘ह’ हा मूळच्या ‘स’चा अवशेष आहे.

घेणाऱ्या भाषेला परकीय प्रत्यय ओळखता येत नाही. ती शब्द ऐकते तसा अखंड उचलते. मराठीनेही हे केले आहे. अरबीत ‘अमीर’चे अनेकवचन ‘उमरा’. फारसीमार्गे मराठीत आल्यावर त्याचे ‘उमराव’ झाले आणि आपण ‘एक उमराव’ असे खुशाल म्हणू लागलो. अनेकवचनाची खूण शब्दात मुरली. फिनिशमध्ये ‘-आस’ मुरला, तो असाच.

दुसरा पुरावा : ध्वनींची नियमितता. एका शब्दावरून नियम सिद्ध होत नाही. तोच बदल अनेक शब्दांत दिसला पाहिजे. पुढील जोड्या पाहा. आधी लिथुआनियन आणि नंतर फिनिश रूप दिले आहे.

शिएनास – हेइनॅ (वाळलेले गवत)
झिर्निस – हेर्ने (वाटाणा)
झासिस – हान्ही (हंसजातीचा पक्षी)
झांबास (धार, कड) – हाम्मास (दात)

जेथे लिथुआनियनमध्ये ‘श’ किंवा ‘झ’ आहे, तेथे फिनिशमध्ये ‘ह’ आहे. योगायोग असा शिस्तीने वागत नाही. तिसऱ्या जोडीवरून आपणांस संस्कृत ‘हंस’ आणि चौथीवरून दात किंवा जबडा या अर्थाचा ‘जम्भ’ हे शब्द आठवतील, आणि ते खरोखरच लिथुआनियन शब्दांचे सहोदर आहेत. मात्र ‘हान्ही’ आणि ‘हंस’ यांतील आरंभीचा ‘ह’ एकच नव्हे. संस्कृतात तो एका जुन्या कंठ्य-तालव्य महाप्राण ध्वनीपासून आला, तर फिनिशमध्ये तो बाल्टिक ‘झ’ वर्गातील ध्वनीपासून. दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच दारात येऊन उभे राहिले.

तिसरा पुरावा : घेणाऱ्या भाषेचे स्वतःचे नियम. फिनिशमध्ये ‘रातास’, पण ‘रात्तान’. येथे ‘त’चे द्वित्व का? फिनिशचा नियम असा की, अक्षर व्यंजनान्त असेल तर त्याच्या आरंभीचे द्वित्व एकेरी होते. ‘कात्तो’ म्हणजे छप्पर. त्याची षष्ठी ‘कातोन’. ‘रातास’मध्ये दुसरे अक्षर ‘तास’ हे व्यंजनान्त, म्हणून तेथे एकच ‘त’. ‘रात्ताहान’ या जुन्या रूपात दुसरे अक्षर ‘ता’ हे स्वरान्त होते, म्हणून तेथे द्वित्व टिकले. यावरून फिनिश अंग ‘रात्तास’ असे होते, हे कळते. म्हणजे आज दोन्ही भाषांत शब्द तंतोतंत सारखा दिसतो, त्यामागे फिनिशने स्वतःच्या नियमांनी केलेली घडण आहे. हुबेहूब साम्य पाहून जो हुरळतो, त्याला ही गोष्ट दिसत नाही.

एक आक्षेप : फिनिशने शेजारच्या जर्मॅनिक भाषांकडूनही पुष्कळ शब्द घेतले आहेत आणि त्यांतही ‘-आस’ आढळतो. ‘कुनिंगास’ (राजा) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मग ‘रातास’ हा शब्द जर्मन ‘राड’च्या पूर्वजाकडून आला नसेल कशावरून? उत्तर दोन मुद्द्यांत आहे. जर्मॅनिक शाखेत हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने त्याला ‘स’कारान्त प्रत्यय लागत नव्हता, आणि त्याच्या प्राचीन रूपात ‘त’ऐवजी एक घर्षक व्यंजन होते. ‘त’ आणि ‘-आस’ ही दोन्ही वैशिष्ट्ये एकत्र देणारी जवळची शाखा बाल्टिकच. केवळ ‘-आस’वर भिस्त ठेवली असती, तर आपला पुरावा अपुरा ठरला असता.

४.२.५ शब्दांत साठलेला शेजार

बाल्टिक भाषांकडून फिनिश गटाने घेतलेल्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास डॅनिश भाषाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म थॉमसेन यांनी केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १८९० मध्ये कोपनहेगन येथे प्रसिद्ध झाला. तेव्हापासून अशा शब्दांच्या यादीत भर पडत गेली आणि काही शब्द गळलेही. पण मूळ निष्कर्ष टिकून आहे. आज लिथुआनिया आणि फिनलंड यांच्यामध्ये लाटव्हिया, एस्टोनिया आणि फिनलंडचे आखात आहे. परंतु ख्रिस्तपूर्व काळात बाल्टिक भाषांचे आणि फिनिशच्या पूर्वरूपाचे भाषक एकमेकांच्या निकट राहत होते.

हा शेजार कसा होता, ते शब्दच सांगतात. पूल (तिल्तास – सिल्ता), कुऱ्हाड (किर्विस – किर्वेस), वाळलेले गवत, वाटाणा, चाक हे शब्द गेले, म्हणजे शेती, पशुपालन आणि कारागिरी यांची देवघेव झाली. पण त्याहून विलक्षण असे आणखी काही शब्द आहेत. लिथुआनियन ‘दुक्ते’ आणि फिनिश ‘त्युतॅर’ (मुलगी), ‘सेसुओ’ आणि ‘सिसार’ (बहीण), ‘मार्ति’ (सून, नवरी) आणि ‘मोर्सिआन’ (नवरी). अवजार बाजारातून येते. बहिणीसाठी आणि मुलीसाठी शब्द बाजारातून येत नाही. दोन समाजांत लग्नसंबंध झाले असावेत, असे अनेक अभ्यासक यावरून मानतात.

‘नात्यांचे शब्द उसने घेतले जात नाहीत’ असे ढोबळ विधान आपण कधी वाचले असेल, तर त्याला हा अपवाद लक्षात ठेवा. आणखी एक अपवाद आपल्या घरातच आहे. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही मराठी संबोधने द्राविडी भाषांतील आहेत. कन्नड माणूस थोरल्या भावाला ‘अण्ण’ आणि थोरल्या बहिणीला ‘अक्क’ म्हणतो.

४.२.६ ‘रथ’ आणि ‘रातास’

आता आपल्या शब्दाकडे वळू. संस्कृत ‘रथ’ आणि लिथुआनियन ‘रातास’ हे सहोदर आहेत. ‘थ’मधील महाप्राणत्व हे भारत-इराणी शाखेचे वैशिष्ट्य, अवेस्तातील भाषेतही ‘त’ऐवजी घर्षक ‘थ’ आहे. अर्थाचा फरक अधिक बोलका आहे. लिथुआनियन आणि लॅटिन भाषांत शब्दाचा अर्थ चाक, आपल्याकडे चाकांचे वाहन. अवयवावरून अवयवी सूचित होतो, तेव्हा आपले साहित्यशास्त्र त्याला लक्षणा म्हणते. लिथुआनियन ‘राताई’मध्ये ‘चाके’ म्हणजे ‘गाडी’ झाली, तीही लक्षणाच.

मग ‘रथ’वरून ‘रातास’ आला का? नाही. लिथुआनियनला तो संस्कृताकडून मिळालेला नाही. दोघांनाही तो एका अधिक प्राचीन मूळ भाषेकडून मिळाला. आणि फिनिशला तो बाल्टिककडून मिळाला. म्हणून ‘रथ’ आणि लिथुआनियन ‘रातास’ यांचे नाते रक्ताचे, तर दोन ‘रातास’ यांचे नाते शेजाराचे. रूपाने अगदी सारखे दिसणारे दोन शब्द कुलाने परके आणि थोडे वेगळे दिसणारे दोन शब्द सहोदर, असा हा प्रकार आहे.

मराठीतही ‘रथ’ सलग परंपरेने आलेला नाही. प्राकृतात ‘थ’चा ‘ह’ होऊन त्याचे ‘रह’ झाले होते. आपण मात्र ‘रथ’ हे तत्सम रूप संस्कृतातून पुन्हा घेतले. ‘चाक’ हा तद्भव शब्द परंपरेने आला, तो ‘चक्र’पासून.

याच शब्दाने दक्षिणेतही कुलाची सीमा ओलांडली. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांतील आपल्यापैकी अनेकांनी कन्नड ‘तेरु’ हा शब्द ऐकला असेल. देवाच्या उत्सवातील रथाला कन्नडमध्ये हा मूळचा द्राविडी शब्द आहे. पण कन्नडने संस्कृत ‘रथ’ही घेतला आणि त्याला स्वतःचा प्रत्यय लावून ‘रथगळु’ असे अनेकवचन केले. हंपीचा प्रसिद्ध दगडी रथ कन्नडमध्ये ‘कल्लिन रथ’ म्हणून ओळखला जातो. फिनिशमध्ये ‘प्युऑरॅ’ आणि ‘रातास’, कन्नडमध्ये ‘तेरु’ आणि ‘रथ’. हजारो किलोमीटर अंतरावरच्या, एकमेकींशी कोणतेही सिद्ध नाते नसलेल्या दोन भाषांनी एकाच भारत-युरोपीय शब्दाला आपापल्या शेजाऱ्याकडून घेऊन घरात जागा दिली.

आपली प्रगती तपासा – २
(अ) फिनिशमधील ‘-आस’ आणि लिथुआनियनमधील ‘-आस’ यांत व्याकरणदृष्ट्या कोणता फरक आहे?
(आ) ‘रातास’ जर्मॅनिक शाखेतून आला नाही, असे म्हणण्यास कोणते दोन आधार आहेत?

४.३ सारांश

शब्दसाम्य हा अभ्यासाचा आरंभ असतो. योगायोग, समान वारसा आणि उसनवारी या तिन्ही शक्यता तपासल्याशिवाय त्यावरून भाषासंबंध ठरविता येत नाही. फिनिश आणि लिथुआनियन ‘रातास’ हे उसनवारीचे उदाहरण असून प्रत्यय, ध्वनिबदलांची नियमितता आणि घेणाऱ्या भाषेचे अंतर्गत नियम हे त्याचे पुरावे आहेत. संस्कृत ‘रथ’ हा लिथुआनियन ‘रातास’चा सहोदर आहे, तो त्याचा जनक नाही.

यापुढे आपल्या हाती तशी एखादी शब्दयादी आली, तर तीन प्रश्न विचारा. या शब्दांची जुनी रूपे कोणती? हाच ध्वनिबदल इतर शब्दांत दिसतो का? शब्द कोणाकडून कोणाकडे गेला, हे कशावरून ठरविले? उत्तरे मिळाली नाहीत, तर ती यादी पुढे पाठवू नका. आपली भाषा थोर आहे हे सिद्ध करण्यासाठी तिला जगातील सर्व भाषांची आई ठरविण्याची आवश्यकता नाही. तिची बहीण कोण आणि शेजारीण कोण, हे नीट ओळखणे हाही तिचा गौरवच आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

सहोदर शब्द : एकाच मूळ शब्दापासून वेगवेगळ्या भाषांत वारशाने आलेले शब्द.
उसनवारी : संपर्कामुळे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत होणारे शब्दांचे ग्रहण.
अंग : विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वीचे शब्दाचे रूप.
द्वित्व : एकाच व्यंजनाचे लागोपाठ दोनदा येणे.

४.५ स्वाध्याय

१. ‘शब्दसाम्य म्हणजे भाषाकुलाचा पुरावा नव्हे’ हे विधान ‘रातास’ या शब्दाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘उमराव’ आणि फिनिश ‘रातास’ यांतील साम्य विशद करा.
३. लिथुआनियनमध्ये ‘काक्लास’ म्हणजे मान. तो ‘चक्र’चा सहोदर मानला जातो. फिनिशमध्ये मानेला ‘काउला’ म्हणतात; तो बाल्टिककडून घेतलेला आहे. या तीन शब्दांतील नाती आकृतीच्या साहाय्याने दाखवा आणि ‘चाक’ व ‘मान’ या अर्थांना जोडणारी कल्पना कोणती असावी, ते लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील घर, शेती किंवा कारागिरी यांच्याशी संबंधित दहा शब्द गोळा करा. शेजारच्या भाषेत ते आढळतात का, पाहा. आढळल्यास तीनपैकी कोणती शक्यता अधिक संभवते, ते कारणांसह नोंदवा.